रुग्णालयातल्या साहाय्यकांचा पगार कसा ठरवावा? आधी त्यांच्या पाळीला बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातलं ११० खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय. फिजिओथेरपीत चार, डायलिसिसला सहा, लॅबमध्ये सात, एक्स-रेला तीन, ऑपरेशन थिएटरला नऊ आणि डोळ्यांच्या विभागात दोन, असे एकूण एकतीस साहाय्यक. मस्टरवर कुणी 'हेल्पर', कुणी 'असिस्टंट', कुणी 'अटेंडंट'. पगार ज्याचा त्याचा वेगळा, कारण कामाला लागताना ज्या विश्वस्तांची गाठ पडली त्यांनी तोंडी आकडा सांगितला. दिवाळीनंतर दोघं सोडून गेले, उरलेल्यांनी सह्यांचं निवेदन दिलंय. प्रशासक मॅडम विचारतात: पदं किती करू, नावं काय देऊ आणि पगार कशावर ठरवू?

रुग्णालयांच्या आस्थापना विभागात माझी चोवीस वर्षं गेली. त्यात हे काम मी पाच ठिकाणी केलं. पहिल्या ठिकाणी ते पार फसलं होतं, म्हणून तुमच्या प्रश्नाला लांब उत्तर देतोय.

पहिली गोष्ट, एवढ्यात एक्सेल उघडू नका. आणि शेजारच्या चार रुग्णालयांना फोन करून 'तुम्ही डायलिसिस असिस्टंटला काय देता?' असंही विचारू नका. माझी पहिली चूक तीच होती. चार आकडे आले, मी सरासरी काढली, तक्ता केला, विश्वस्तांनी मंजूरही केला. महिन्याभरात कळलं की ज्या रुग्णालयाचा आकडा सगळ्यांत कमी होता तिथला 'डायलिसिस असिस्टंट' फक्त चादरी बदलतो, रुग्णाला खुर्चीवरून खाटेवर घेतो आणि फरशी पुसतो. आमच्याकडचा काय करत होता, ते मी पाहिलेलंच नव्हतं.

पाहिलं ते नंतर. पहाटे पावणेसहाला जाऊन बसलो, वहीत वेळा टिपत. मस्टरवर तो 'हेल्पर', शिक्षण दहावी. आल्याबरोबर त्याने आरओचा पंप सुरू केला, पाणी थोडं वाहू दिलं, मग नमुना घेऊन क्लोरिनची पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि रजिस्टरला सही केली. मग यंत्रांना नळ्या जोडल्या, सलाइन सोडलं, डायलायझर (रक्त गाळणारी नळी) उलटा धरून तळहाताने हलके थापटे मारत बुडबुडे काढले. पहिले रुग्ण आले. वजन, बीपी, पायाची सूज, सगळं त्याने कागदावर उतरवलं. सुया टोचायला टेक्निशियन आला, तेवढंच त्याने टेक्निशियनसाठी सोडलं. कारण टेक्निशियन एक आणि यंत्रं सहा. नऊच्या सुमाराला एका आजोबांच्या पोटरीत गोळा आला. पोराने पाय दाबून धरला, दुसऱ्या हाताने बीपीचं बटण दाबलं आणि टेक्निशियनला हाक मारली. यंत्राच्या सेटिंगला हात लावला नाही.

आता हिशोब बघा. डायलिसिसच्या एका बैठकीत मिनिटाला ५०० मिलिलिटर डायलिसेट (रक्त शुद्ध करणारं द्रावण) वाहतं. चार तासांत १२० लिटर. पाण्यातलं क्लोरामाइन (क्लोरिनचंच एक संयुग) नीट निघालं नसेल तर ते पडद्यातून थेट रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे सहा रुग्णांचा जीव ज्या एका पट्टीच्या रंगावर आहे, ती पट्टी आम्ही 'हेल्पर' म्हणून नेमलेला, सगळ्यांत कमी पगाराचा मुलगा बघत होता. आणि त्याचा पगार चादरी बदलणाऱ्याच्या पगाराशी जुळवून मी मोठा शास्त्रीय तक्ता केला होता.

तेव्हा एकतीस जणांपैकी निदान प्रत्येक विभागातल्या एकाची एक पूर्ण पाळी बसून बघा. थिएटर आणि लॅबची रात्रपाळीसुद्धा. विभागप्रमुखाला विचारून लिहिलेलं कामाचं वर्णन धरू नका, तो जे व्हायला हवं ते सांगतो. साहाय्यकाला विचारलं तर तो जे अवघड वाटतं ते सांगतो. जे रोजचं झालंय ते सांगायचं राहून जातं. क्लोरिनच्या पट्टीबद्दल त्या मुलाने मला स्वतःहून एक शब्द सांगितला नव्हता.

या टिपणातून प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: तो स्वतः करतो, कुणाच्या नजरेखाली करतो, की करू नये असं असून करतो. तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची. ती कामं पगार देऊन नियमित करायची नसतात, थांबवायची असतात. फिजिओथेरपीच्या खोलीत हे हमखास सापडतं. शेकाची पॅक लावणं, मेणाचा शेक, रुग्णाला पॅरलल बारमध्ये उभं करून चालवणं, सांगून दिलेले व्यायाम करून घेणं हे साहाय्यकाचं काम. पण ओपीडीत गर्दी झाली की आयएफटी मशीनचा (दुखण्यावर विजेचा सौम्य प्रवाह देणाऱ्या यंत्राचा) करंट तोच लावतो आणि नव्या रुग्णाचा खांदा कुठवर वर जातो तेही तोच बघून लिहितो. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र राज्य परिषद आहे. तपासून उपचार ठरवणं हे नोंदणीकृत माणसाचंच काम. साहाय्यकाला हजार रुपये जास्त दिले म्हणून ते त्याचं होत नाही.

नावांचं बोलू. याकडे विश्वस्त दुर्लक्ष करतात, 'नावात काय आहे' म्हणतात. बरंच काही आहे. नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा २०२१ साली आला. त्यात दहा गटांत हे व्यवसाय मांडलेत आणि 'अलाईड हेल्थ प्रोफेशनल' कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे: किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली पदविका किंवा पदवी. तंत्रज्ञ, टेक्नॉलॉजिस्ट हे शब्द त्या व्याख्येतच येतात. तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या किंवा कामावरच शिकलेल्या माणसाला खूश करायला 'ज्युनिअर टेक्निशियन' असं नियुक्तीपत्र देऊ नका. उद्या काही झालं तर ते पत्र त्याच्याही विरोधात वापरलं जाईल आणि तुमच्याही. उलट ज्याची खरोखर दोन वर्षांची पदविका आहे त्याला 'असिस्टंट' म्हणून कमी पगारावर ठेवणं हा दुसऱ्या टोकाचा लबाडपणा, आणि तो मला जास्त ठिकाणी दिसलाय. तुमच्या एकतीसमध्ये असे दोन-तीन सापडतील. त्यांना या यादीतून आधी बाहेर काढून तंत्रज्ञांच्या यादीत घाला, नाहीतर सगळा तक्ता त्यांच्यापायी वाकडा होईल.

उरलेल्यांसाठी तीन पायऱ्या पुरतात: साहाय्यक-१, साहाय्यक-२, साहाय्यक-३. पुढे कंसात विभागाचं नाव. 'हेल्पर' शब्द मस्टरवरून पुसून टाका. एका ठिकाणी सल्लागारांनी सात श्रेण्या करून दिल्या होत्या. लॅबमधल्या सात माणसांसाठी सात श्रेण्या! दर माणसाची एक जात झाली, आणि भांडणं दुप्पट.

पहिल्या पायरीवर सांगितलेलं काम करणारा: रुग्ण आणणं-नेणं, ट्रॉली, साफसफाई, नमुने पोचवणं. दुसरीवर ठरलेली तांत्रिक कामं स्वतः करून स्वतः सही करणारा: यंत्राची तयारी, ऑटोक्लेव्हचा (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा) लोड, नमुन्याची नोंद, स्ट्रोकच्या रुग्णाला उभं करणं. तिसरीवर हे सगळं येऊन शिवाय दुसऱ्यांच्या ड्युट्या लावणारा, नव्यांना शिकवणारा, साठा बघणारा, आणि तंत्रज्ञ हजर नसताना 'हे थांबवा, त्यांना बोलवा' एवढा निर्णय घेणारा. तिसरीवर विभागात एकच माणूस असावा. फिजिओत किंवा डोळ्यांच्या विभागात कदाचित एकही नाही, आणि तसं स्पष्ट सांगावं.

कोण कुठल्या पायरीवर, हे ठरवायला निकष लागतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००४ पासून 'अजेंडा फॉर चेंज' नावाची पद्धत लावली. त्यात प्रत्येक काम १६ घटकांवर तोलून गुण देतात. २१५ गुणांपर्यंत दुसरा बँड (म्हणजे पगाराची पायरी), २१६ ते २७० ला तिसरा. एवढं नेटकं करूनही तिथे बऱ्याच रुग्णालयांत साहाय्यक वर्षानुवर्षं दुसऱ्या बँडच्या पगारात तिसऱ्या बँडचं काम करत राहिले, कारण कामं वाढत गेली आणि कागद तिथेच राहिला. शेवटी संघटना उभ्या राहिल्या आणि मागची थकबाकी द्यावी लागली. आपल्याला सोळा घटक नकोत. माझे पाच आहेत: काय शिकून यावं लागतं, अंगमेहनत किती, रुग्णाला किती हाताळावं-समजवावं लागतं, स्वतःला धोका किती, आणि चूक झाली तर ती कुणाच्या लक्षात येते.

शेवटच्या निकषावर थोडं थांबतो, कारण खरा फरक तिथे पडतो. लोक 'चूक झाली तर किती नुकसान' असं विचारतात. मग प्रत्येक विभाग म्हणतो, आमच्याकडे माणूस मरेल. त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा, चूक पुढच्या टेबलावर पकडली जाते की थेट रुग्णापर्यंत जाते? एक्स-रेला कॅसेट तिरकी ठेवली, फिल्म बिघडली. रेडिओग्राफरला लगेच दिसतं, पुन्हा काढतात. वाईट आहे, पण चूक झाकून राहत नाही. लॅबमध्ये वॉर्डातून दोन नळ्या आल्या, दोन्ही शिंदे, एक खाट सहा आणि एक खाट नऊ. लेबल लावणाऱ्याने अदलाबदल केली तर यंत्र बिनचूक आकडा देईल, डॉक्टर सही करतील, आणि चुकीच्या शिंद्यांना औषध जाईल. पुढे कुणालाच ते दिसण्याची सोय नाही. थिएटरमध्ये ऑटोक्लेव्हचा ड्रम १२१ अंशाला, १५ पौंड दाबावर ठेवायचा असतो. बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. आत ठासून भरलेल्या कपड्यांच्या मध्यापर्यंत वाफ पोचली की नाही ते टेप सांगत नाही. ड्रम ठासून भरायचा नाही हे ज्याला कळतं आणि जो घाईच्या वेळीही सर्जनचं ऐकत नाही, तो साहाय्यक-२. नुसता ड्रम उचलून आणतो तो साहाय्यक-१. दोघांच्या मस्टरवर 'ओटी बॉय' असंच लिहिलेलं असतं.

गुण द्यायला सगळ्या विभागांचे प्रमुख एका खोलीत बसवा आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या विभागाला गुण द्यायला लावा. स्वतःच्या नाही. पहिला अर्धा तास आरडाओरडा होतो. मागे एकदा लॅबचे प्रमुख म्हणाले, 'फिजिओतल्या बाई काय करतात, शेकाच्या पिशव्या तर गरम करतात.' फिजिओच्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, 'उद्या अकरा वाजता या. ऐंशी किलोचा अर्धांगाचा रुग्ण त्या एकट्या धरून उभा करतात. तो पडला तर खुब्याचं हाड मोडेल. तुम्ही धरून दाखवा.' ते दुसऱ्या दिवशी खरंच गेले. परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्या बाईंचे गुण खोडून वाढवले. असं दर वेळी होत नाही, हेही सांगतो.

याच बैठकीत एक जुनी खोच बाहेर येते. थिएटरची मुलं पुरुष, फिजिओ आणि डोळ्यांच्या विभागात बायका, आणि पुरुषांना पंधराशे-दोन हजार जास्त. कारण विचारलं की उत्तर येतं, 'ते रात्री येतात.' रात्रीचा वेगळा भत्ता द्या, जो रात्री येईल त्याला, बाई असो की बुवा. मूळ पगारात तो मिसळला की तो फरक कामाचा राहत नाही, माणसाचा होतो. समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे आणि आता वेतन संहितेतही आहे.

आता पैसे. तळ तुम्ही ठरवायचा नाही, तो सरकार ठरवतं. महाराष्ट्रात रुग्णालयांसाठी किमान वेतनाचे दर सरकारने ठरवून दिलेले आहेत. परिमंडळाप्रमाणे दर वेगळे, कुशल-अर्धकुशल-अकुशल असे वर्ग, आणि मूळ दरावर विशेष भत्ता, जो १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. तुमचं गाव कुठल्या परिमंडळात येतं ते कामगार कार्यालयातून लेखी काढून घ्या. साहाय्यक-२ ला अर्धकुशल दाखवून पैसे वाचवायचा मोह होईल. स्वतः सही करून ऑटोक्लेव्ह चालवणारा माणूस अर्धकुशल कसा, हे निरीक्षकाला समजावता येणार असेल तर करा. मला आजवर जमलेलं नाही.

तळाच्या वर पायऱ्यांमधलं अंतर किती? इथे रेल्वेकडे बघा. आकडा उचलायला नाही, तो ट्रस्टला झेपणार नाही, पण गुणोत्तर उचलायला. रेल्वेच्या २०१९ च्या पॅरामेडिकल भरतीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन असं होतं: लॅब असिस्टंट २१,७००, ईसीजी टेक्निशियन २५,५००, रेडिओग्राफर २९,२००, डायलिसिस टेक्निशियन ३५,४००. पहिल्याला १०० धरलं तर पुढचे साधारण ११७, १३५ आणि १६३ येतात. वरचे तिघं तंत्रज्ञ आहेत, साहाय्यक नाहीत. पण एका पायरीवरून दुसरीवर जाताना सरासरी सतरा-अठरा टक्क्यांची उडी असते एवढं त्यातून कळतं. माझ्या अनुभवात तीन साहाय्यक-पायऱ्यांना १००, ११७, १३५ हे चपखल बसतं आणि पदविकाधारक तंत्रज्ञ त्याच्या वर सुरू होतो. उडी दहा टक्क्यांहून कमी ठेवली तर कुणी जबाबदारी घ्यायला पुढे येत नाही. 'सही माझी, शिव्या मला, आणि वाढले नऊशे,' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

वार्षिक वाढ तीन टक्के, ठरलेल्या एकाच तारखेला. तीन टक्क्यांनी १०० चे आठ वर्षांत १२६-१२७ होतात. म्हणजे जुना साहाय्यक-१ हा नव्या साहाय्यक-२ पेक्षा जास्त पगार घेईल. हे बरोबर आहे, घाबरू नका. वयाचा, निष्ठेचा मान त्यात आहे. फक्त तो वरच्या पायरीवर गेला की आधी एक वाढ द्यायची आणि मग नव्या पायरीत त्याच्या वरचा टप्पा धरायचा. सरकारी पद्धत अशीच आहे. नाहीतर बढती मिळून पगार तेवढाच, असा प्रकार होतो आणि लोक पेढे वाटायच्या ऐवजी तोंड लपवतात.

पगाराची फोड करताना वेतन संहिता विसरू नका. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. आपल्याकडच्या जुन्या पगारपत्रकांत मूळ वेतन चिमूटभर आणि बाकी भत्तेच भत्ते. समजा एकूण १६,००० आणि त्यात मूळ वेतन ६,०००, भत्ते १०,०००. आता वेतनातून वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त चालत नाहीत. निम्मे म्हणजे ८,०००, वरचे २,००० वेतनातच धरले जाणार. ग्रॅच्युइटी वगैरे त्या ८,००० वर. त्यापेक्षा सरळ मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून सत्तर-ऐंशी टक्के ठेवा, घरभाडं थोडं, संपलं. 'मोबाइल भत्ता', 'धुलाई भत्ता', 'शैक्षणिक भत्ता' असली भेंडोळी साहाय्यकाच्या पगारात बघितली की मला हसू येतं. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलंय की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा मूळ वेतनाचाच भाग.

विश्वस्तांसमोर जाताना हातातला पगार नाही, पूर्ण खर्च मांडा. १५,००० वेतनामागे भविष्य निर्वाह निधीचे विमा आणि प्रशासकीय आकारासह १३ टक्के म्हणजे १,९५०. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८८ च्या आसपास. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे ७२१. बेरीज सुमारे ३,१६०. एकतीस जणांना सरासरी १,२०० वाढवायचे ठरले तर महिन्याला ३७,२०० दिसतात, पण या २१ टक्क्यांसकट ४५,००० होतात, वर्षाला पाच लाख चाळीस हजार. पहिल्याच बैठकीत हा आकडा सांगा. तीन महिन्यांनी लेखापालाने सांगितला की तुमचा सगळा प्रस्ताव संशयात येतो. 'महात्मा फुले योजनेचे दर आपल्या हातात नाहीत, पैसे आणायचे कुठून?' हे विचारलं जाणारच, आणि ते खरंही आहे. माझं उत्तर असायचं की दोघं गेल्यावर डायलिसिसची तिसरी पाळी किती आठवडे बंद राहिली, तेवढ्या बैठका मोजा. ते आकडे तुमच्याच रजिस्टरमध्ये आहेत.

ईएसआयची एक खोच सांगतो. या विम्यात राहायची पगाराची मर्यादा महिना २१,०००. एका ठिकाणी सीनियर साहाय्यकाचा पगार २०,८०० वरून २१,६०० झाला. पेढे वाटले. चालू अंशदान कालावधी (ज्यात विम्याचे हप्ते कापले जातात) संपला, त्यामागचा लाभाचा कालावधीही संपला, तो ईएसआयबाहेर गेला, आणि दोन महिन्यांनी त्याच्या आईला अँजिओप्लास्टी लागली. आठशे रुपयांच्या वाढीने घराचा वैद्यकीय आधार गेला. हे पाप तांत्रिकदृष्ट्या कुणाचंच नव्हतं, पण पगारवाढीचा कागद मी टाइप केला होता. तेव्हापासून माझा नियम असा की कुणाचा पगार त्या रेषेच्या आसपास आला तर एक तर थोडं अलीकडे थांबून उरलेलं दुसऱ्या रूपात द्यायचं, नाहीतर रेषा ओलांडण्याआधी त्याच्या कुटुंबाचा गट विमा काढायचा. तुमच्या साहाय्यक-३ मध्ये हा प्रश्न पहिल्या दोन वर्षांतच येईल.

भत्त्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. रात्रपाळी, ऑन कॉल आणि जादा वेळ यांचे पैसे द्या. जादा वेळेला दुप्पट दर. पण 'जोखीम भत्ता' नावाने सुरक्षितता विकत घेऊ नका. एक्स-रे खोलीतल्या साहाय्यकाला महिन्याला पाचशे रुपये देतात आणि टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा) देत नाहीत, हे मी पाहिलंय. किरणोत्सर्गाखाली काम करणाऱ्याला आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० अशी मर्यादा आहे. बॅजच नसेल तर मोजणार काय? आधी बॅज, लेड एप्रन, डायलिसिस-लॅबवाल्यांना हिपॅटायटिस बी ची लस आणि त्यानंतरची अँटिबॉडी तपासणी. हे झाल्यावर भत्ता द्यायचा तर द्या.

बोनसचं एका वाक्यात: नफ्यासाठी न चालणाऱ्या रुग्णालयांना बोनसच्या कायद्यातून सूट आहे, तरी दिवाळीला सानुग्रह अनुदान द्या, आणि ते सगळ्यांना सारखं.

आता असलेल्या माणसांना या तक्त्यात बसवणं. सगळा रोष इथेच होतो. एकतीसमध्ये चार-पाच जण निघतील ज्यांचा पगार त्यांच्या पायरीच्या वर गेलाय, कारण जुन्या विश्वस्तांच्या मर्जीतले. त्यांचा पगार कापू नका. वरची रक्कम 'वैयक्तिक वेतन' म्हणून वेगळी दाखवा आणि पुढच्या वाढींमध्ये हळूहळू जिरवा. आणि त्यांना हे समोर बसवून सांगा, पगारपत्रकातून कळू देऊ नका. खालच्यांना एकदम वर आणणं झेपत नसेल तर दोन हप्त्यांत आणा, पण दोन्ही हप्त्यांच्या तारखा पत्रावर लिहा. 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द पत्रात आला की लोक समजतात, होणार नाही.

एजन्सीमार्फत आलेले दोघं-तिघं असतील. 'समान काम, समान वेतन' याबद्दल २०१६ चा पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग हा निकाल लोक तुमच्या तोंडावर फेकतील. तो सरकारी हंगामी कर्मचाऱ्यांचा होता, खासगी ट्रस्टला जसाच्या तसा लागत नाही. पण एकाच खोलीत, एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांत तीन हजारांचा फरक ठेवून तुमचा तक्ता सहा महिने टिकणार नाही, त्याला न्यायालय कशाला लागतं? अकरा महिन्यांचा करार आणि एक दिवसाचा खंड ही युक्तीही आता सोडा. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आता कायद्यातच आहे.

तक्ता जाहीर केल्यावर तीस दिवस हरकतींना द्या. हरकत पगारावर घेता येणार नाही, कामावर घेता येईल: 'मी अमुक काम करतो, ते माझ्या वर्णनात नाही.' असं कुणी लिहून दिलं की पुन्हा त्याच्या पाळीला जाऊन बसायचं. मी शेवटचं हे काम केलं तेव्हा एकतीस नव्हे, चाळीस जण होते आणि सहा हरकती आल्या. चार बरोबर निघाल्या. त्यातली एक डोळ्यांच्या विभागातल्या बाईंची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी कुठला डोळा, उजवा की डावा, याची खूण रुग्णाच्या कपाळावर त्याच करत होत्या, नऊ वर्षं. आमच्या वहीत ते नव्हतं, कारण आम्ही बसलो त्या दिवशी शस्त्रक्रियांचा वार नव्हता.